सिमेट्रिकल इंग्लिशमध्ये काळ्याने डाव बरोबरीत कसा न्यावा

बुद्धिबळात १. सी४ सी५ या सुरुवातीला सिमेट्रिकल इंग्लिश म्हणतात. तिच्यात काळ्याकडून तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, पांढरा जे खेळेल तेच आपल्या बाजूने खेळत राहायचे आणि डोके बाराव्या खेळीनंतर चालवायचे. दुसरी, मोहरे कमी झाले की बरोबरी आपोआप होते असे समजून दिसेल ती मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) करायची. तिसरी सगळ्यात जिव्हारी लागणारी: स्थिती खरोखर तिसऱ्यांदा आलेली असताना बरोबरीचा दावा चुकीच्या पद्धतीने करायचा आणि अर्धा गुण हातचा घालवायचा.

पुढचे टप्पे काळ्याच्या बाजूने, एकाच क्रमाने लिहिले आहेत. पट समोर मांडून प्रत्येक खेळी हाताने करून पाहा. नोंदीत प्याद्याची खेळी नुसत्या घराने (सी४), मोहऱ्याची नावासह (घोडा-सी३) आणि मार × या खुणेने दाखवला आहे. तीन टिंबांनंतर (...) लिहिलेली खेळी काळ्याची.

## टप्पा १: डावाआधीची तयारी

पाठ करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पांढऱ्याची पाचवी आणि सातवी खेळी काय असू शकते आणि प्रत्येकीला तुमचे उत्तर काय, एवढे एका कागदावर मावते. घोडा-एफ३ नंतर डी४, घोडा-एफ३ नंतर डी३ आणि बी४, आणि पाचव्या खेळीला ई४ या तीन वाटा पक्क्या असल्या की बहुतेक डाव त्यांतच बसतात.

स्पर्धेचे माहितीपत्रक नीट वाचा. काही स्पर्धांत ठरावीक खेळीआधी, उदाहरणार्थ ३० खेळ्यांआधी, बरोबरीचा प्रस्ताव देता येत नाही. ही अट फक्त आपसातल्या प्रस्तावाला लागते की आणखी कशाला, हे फेरी सुरू होण्याआधीच आर्बिटरला (पंचाला) विचारून घ्या. प्रत्येक खेळीला ३० सेकंद वाढीव मिळत असतील तर शेवटपर्यंत खेळ्या लिहाव्याच लागतात, आणि तेच तुमच्या फायद्याचे आहे. वाढीव वेळ नसलेल्या डावात शेवटच्या ५ मिनिटांत लिहिणे बंद करण्याची मुभा असते. पण लिहिणे बंद केले की स्थिती तीनदा आली हे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही. म्हणून अशा डावात वेळ वाचवायचा तो सुरुवातीच्या दहा खेळ्यांत.

तपासा: कागद न पाहता पहिल्या नऊ खेळ्या पटावर मांडता येतात का? मध्ये कुठे अडखळलात तर टप्पा ३ पुन्हा करा.

## टप्पा २: पहिल्या सहा खेळ्या, आणि नक्कल कुठवर चालते

मूळ मांडणी अशी:

१. सी४ सी५ २. घोडा-सी३ घोडा-सी६ ३. जी३ जी६ ४. उंट-जी२ उंट-जी७ ५. घोडा-एफ३ घोडा-एफ६ ६. किल्लेकोट किल्लेकोट.

इथपर्यंत नक्कल बिनधोक आहे, कारण एकाही खेळीत शह नाही, मार नाही, धमकी नाही. नियम एवढाच लक्षात ठेवा: पांढऱ्याच्या खेळीत या तिन्हींपैकी काहीही आले की नक्कल थांबली. पुढची खेळी स्वतःच्या हिशोबाने करायची.

हा नियम का पाळायचा ते दुसऱ्या एका सुरुवातीत लख्ख दिसते. १. ई४ ई५ २. घोडा-एफ३ घोडा-एफ६ ३. घोडा×ई५ घोडा×ई४ ४. वजीर-ई२. आता काळ्याने घाबरून ४...घोडा-एफ६ केले की ५. घोडा-सी६ हा उघडा शह बसतो. राजाला वजिराचा शह आणि डी८ वरच्या वजिरावर घोडा, असे दोन्ही एकदम. वजीर गेलाच. सिमेट्रिकल इंग्लिशमध्ये शिक्षा इतक्या लवकर होत नाही, म्हणूनच सवय लागते आणि फटका चौदाव्या खेळीला बसतो.

क्रम बदलून येणाऱ्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पांढरा तिसऱ्या खेळीलाच घोडा-एफ३ आणि चौथीला डी४ खेळू शकतो: ३. घोडा-एफ३ जी६ ४. डी४ सी×डी४ ५. घोडा×डी४ उंट-जी७. डी४ वरच्या घोड्यावर आता तुमचा घोडा आणि उंट असे दोघे आहेत आणि त्याला आधार एकट्या वजिराचा. त्यामुळे पांढऱ्याने निष्काळजीपणे ६. ई४ केले तर ६...घोडा×डी४ ने फुकट घोडा मिळतो. वजिराने परत मारले तर उंट वजीर खातो. समजणारा पांढरा ६. घोडा-सी२ खेळून घोडा मागे घेईल. मग ...घोडा-एफ६, किल्लेकोट, ...डी६ या साध्या क्रमाने मोहरे बाहेर काढा.

दुसरे, पांढऱ्याच्या पाचव्या घोडा-एफ३ नंतर काळ्याला ५...ई६ आणि ५...ई५ याही खेळ्या आहेत, पण बरोबरी हे उद्दिष्ट असेल तर ५...घोडा-एफ६ पुरते. ५...ई६ ला पांढरा ६. डी४ असे प्यादे देऊन उत्तर देतो: ६...घोडा×डी४ ७. घोडा×डी४ सी×डी४ ८. घोडा-बी५, आणि डी६ चे घर भगदाड बनते. ५...ई५ ने डी५ हे घर कायमचे सुटते आणि पांढऱ्याचा घोडा एफ३-ई१-सी२-ई३ असा फेरा मारून तिथे जाऊन बसतो. दोन्ही खेळता येतात, फक्त त्यांचा वेगळा अभ्यास लागतो.

## टप्पा ३: पांढऱ्याने ७. डी४ केल्यावर

सर्वाधिक डाव इथे येतात आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

१. ७...सी×डी४ करा, ७...डी५ नाही. नक्कल म्हणून डी५ केले की ८. सी×डी५ घोडा×डी५ ९. घोडा×डी५ वजीर×डी५ आणि १०. उंट-ई३. तुमचा वजीर पटाच्या मधोमध उघड्यावर, जी२ च्या उंटाच्या कर्णावर उभा, आणि मध्ये फक्त पांढऱ्याचाच एफ३ चा घोडा. आता १०...सी×डी४ ११. घोडा×डी४ झाले की घोडा हलताच उंट वजिरावर येतो. वजीर हलवेपर्यंत सी६ वरची मारामारी होते आणि बी७ चे प्यादे सी६ वर ओढले जाऊन कच्चे पडते. सरळ हार नाही, पण पुढचे चाळीस खेळ्यांचे दुखणे आहे.

७...डी६ हीसुद्धा खेळण्यासारखी चाल, पण ८. डी५ घोडा-ए५ नंतर तुमचा घोडा पटाच्या काठावर आणि मधला भाग बंद. अशा डावात सहज बरोबरी मिळत नाही, त्यामुळे इथे ती सोडूनच द्या.

२. ८. घोडा×डी४ ला लगेच ८...घोडा×डी४ ९. वजीर×डी४. काळ्याला जागा कमी आहे, म्हणून हलक्या मोहऱ्यांची (घोडे, उंट) एक जोडी आत्ताच कमी करायची. आता पांढऱ्याचा वजीर जी७ च्या उंटासमोर, मध्ये तुमचा एफ६ चा घोडा. घोडा हलला की वजिरावर उंट, म्हणून पांढऱ्याला इथे फार वेळ थांबता येत नाही.

३. ९...डी६. सी८ च्या उंटाला वाट करा. पांढरा सहसा १०. वजीर-डी३ खेळतो: वजीर कर्णावरून दूर जातो आणि सी४ च्या प्याद्याला आधारही राहतो.

४. १०...उंट-एफ५. या मांडणीतली सगळ्यात उपयोगी खेळी हीच, आणि तिचे कारण समजले नाही तर पुढे घोटाळा होतो. सी८ चा उंट हलला की बी७ चे प्यादे उघडे पडते, कारण जी२ चा उंट थेट त्याच्यावर बघतो. पण उंट-एफ५ ने वजिरावर हल्ला असल्याने पांढरा ११. ई४ खेळतो आणि स्वतःच्याच उंटाचा कर्ण ई४ वर प्यादे ठेवून बुजवतो. आता ११...उंट-ई६ आरामात खेळता येते. बी७ सुरक्षित, आणि उंट सी४ वर नेम धरतो. पांढऱ्याला १२. बी३ करून सी४ राखावे लागते.

सावध: पांढऱ्याने ११. ई४ ऐवजी वजीर मागे घेतला, समजा वजीर-डी२, तर कर्ण उघडाच आहे. अशा वेळी आधी बी७ राखा. ११...वजीर-सी८ सगळ्यात सोयीची, कारण पुढे उंट-एच३ ने उंटांची जोडी मारायचीही धमकी तयार होते.

तपासा: बारा खेळ्यांनंतर तुमची प्यादी ए७, बी७, डी६, ई७, एफ७, जी६, एच७ अशी, उंट ई६ आणि जी७ वर, घोडा एफ६ वर. पांढऱ्याची सी४ आणि ई४ अशी दोन प्यादी पुढे. या मांडणीला मारोत्झी बाइंड म्हणतात. पांढऱ्याकडे जागा जास्त, पण तुमच्या बाजूला एकही कच्चे प्यादे नाही.

## टप्पा ४: बाइंडमध्ये घोडा सी५ वर बसवणे

इथे घाईने ...बी५ किंवा ...डी५ करायला जाऊ नका. तयारीविना दोन्ही चाली पांढऱ्याच्या पथ्यावर पडतात. काम एकच: एफ६ चा घोडा डी७ मार्गे सी५ वर.

१२...घोडा-डी७. घोडा हलताच जी७ चा उंट सी३ च्या घोड्यावर येतो, आणि घोड्याच्या मागे ए१ वर हत्ती आहे. बी३ खेळल्यामुळे बी२ रिकामे झाले आहे, हे पांढरे खेळाडू हमखास विसरतात. आता १३. घोडा-डी५ ही दिसायला जोरदार खेळी १३...उंट×ए१ ने सरळ हत्ती गमावते. नंतर १४. उंट-एच६ केले तरी १४...उंट-जी७ ने सगळे शाबूत राहते. नुसता हत्ती हाती आलेला असतो.

१३. उंट-बी२ घोडा-सी५ १४. वजीर-डी२ ए५. ए५ शिवाय सी५ चा घोडा टिकत नाही, कारण पांढरा बी४ खेळून त्याला हुसकावेल. ए५ झाल्यावर पांढऱ्याने विचार न करता १५. ए३ केले की १५...घोडा×बी३: बी३ चा आधार असलेले ए२ चे प्यादे पुढे गेले, आणि घोडा डी२ चा वजीर व ए१ चा हत्ती दोघांवर बसला. पांढऱ्याने आधी वजीर-सी२ करून मग ए३ केले तर तुमचे उत्तर ...ए४. प्यादे अडवले आणि बी३ चे घर घोड्यासाठी मोकळे केले.

यानंतर पांढऱ्याचा एकच खरा प्रयत्न असतो: घोडा-डी५. त्याला उत्तर देण्याचा क्रम महत्त्वाचा:

- आधी ...उंट×बी२ करून काळ्या घरांचे उंट मारून टाका. वजिराने परत मारले की पांढऱ्याचा वजीर बी२ वर बाजूला जातो.
- मग ...उंट×डी५. पांढऱ्याने कोणत्याही प्याद्याने परत मारले तरी डी५ वर त्याचेच प्यादे बसते आणि जी२ च्या उंटाचा कर्ण अडतो. तुमचा सी५ चा घोडा त्या उंटापेक्षा चांगला मोहरा आहे.
- ई४ च्या प्याद्याने मारले तर ई-फाइल (ई घरांची उभी रांग) उघडते आणि ई७ वर दाब येतो. हत्ती ई८ वर आणा आणि घोडा सी५ वरून हलवू नका. पुष्कळ जण याच वेळी घोडा डी७ वर परत नेतात. तिथून तो काहीच राखत नाही आणि पांढऱ्याला बी४-सी५ चा रस्ता मिळतो.
- सी४ च्या प्याद्याने मारले तर सी-फाइल तुमची. फक्त हत्ती सी८ वर ठेवण्याआधी उंट-एच३ बघा. तो उंट एच३ वरून थेट सी८ वर येतो.

सावध: वजीर बी६ वर नेलात तर घोडा-डी५ ने वजीर आणि ई७ दोन्हींवर हल्ला होतो. ई६ चा उंट जागेवर असेल तरच वजीर-बी६ करा, कारण डी५ वर मारायला तोच आहे. उंटांची आधीच मारामारी झालेली असेल तर वजीर डी८ वरच बरा.

पांढरा घोडा-डी५ खेळतच नाही, नुसते हत्ती इकडेतिकडे हलवत राहतो, असेही होते. मग तुम्हीही काही फोडायला जाऊ नका. ...हत्ती-सी८, ...वजीर-बी६, ...वजीर-बी४ अशा खेळ्यांनी वजिरांची मारामारी मागा. वजीर गेले की जागेच्या कमतरतेचा त्रास निम्मा होतो.

## टप्पा ५: पांढरा शांत खेळला तर (७. डी३)

हा सिमेट्रिकलचा सिमेट्रिकल. ७. डी३ डी६ ८. ए३ ए६ ९. हत्ती-बी१ हत्ती-बी८ १०. बी४ सी×बी४ ११. ए×बी४ बी५ १२. सी×बी५ ए×बी५.

११...बी५ टाळू नका. ती केली नाही तर पांढरा स्वतः बी५ करून सी६ च्या घोड्याला उडवतो. बाराव्या खेळीनंतर पट आरशात पाहिल्यासारखा दिसतो, आणि खेळी पांढऱ्याची असते. इथे १३. डी४ येते. उत्तर १३...डी५. ही दिसायला नक्कल असली तरी गरजेची खेळी आहे, कारण ती न केल्यास १४. डी५ ने घोडा हुसकावला जातो.

नंतर १४. उंट-एफ४. डी६ रिकामे झाल्यामुळे हा उंट थेट बी८ च्या हत्तीवर येतो. नक्कल करणारा १४...उंट-एफ५ खेळतो, कारण तो उंट बी१ च्या हत्तीवर येतो. मग १५. उंट×बी८ उंट×बी१ १६. वजीर×बी१ वजीर×बी८, आणि प्रत्येक मार आधी पांढऱ्याचा, काळा नुसता फिटंफाट करत मागे धावतोय. १४...हत्ती-बी६ हे शांत, बरोबर उत्तर आहे. हत्ती हल्ल्यातून निघतो, बी५ राखतो आणि पुढची ...उंट-एफ५ ही खेळी आता वेळ मिळवून देते.

सावध: ए-फाइल उघडी दिसते म्हणून बी६ चा हत्ती लगेच ए६ वर नेऊ नका. सी३ चा घोडा बी५ वर टपून आहे. बी५ ला दुसरा आधार दिल्यावरच हत्ती हलवा.

या मांडणीत पांढऱ्याला सी५ आणि ई५, तुम्हाला सी४ आणि ई४ ही घरे घोड्यासाठी पक्की आहेत. ज्याचा घोडा आधी पोचतो त्याचा डाव सोपा. म्हणून ...उंट-एफ५ नंतर ...घोडा-ई४ ही पहिली पसंती. सी३ चा घोडा तिथे मारला गेला की बी५ वरचा दाबही गेला. एक जोडी हत्तींची, एक जोडी घोड्यांची कमी झाली की उरते ते समसमान: बी४ विरुद्ध बी५, डी४ विरुद्ध डी५.

पाचव्या खेळीला ५. ई४ आली तर थोडक्यात: ...ई५ करून नक्कल करू नका. पांढऱ्याने डी४ चे घर स्वतःच कच्चे केले आहे, ते वापरा. ...घोडा-एफ६, किल्लेकोट, ...डी६, ...ए६, ...हत्ती-बी८, मग एफ६ चा घोडा ई८ मार्गे सी७ वर, ...बी५, आणि सी६ चा घोडा योग्य वेळी डी४ वर.

## टप्पा ६: मारामारीचा क्रम आणि एंडगेम (डावाचा शेवटचा भाग)

समान प्याद्यांची स्थिती म्हणजे बरोबरी, हे मोहरे पटावर असेपर्यंत बऱ्याच अंशी खरे. शेवटचा मोहरा मारून नुसती प्यादी उरली की ते अजिबात खरे राहत नाही. तिथे एका खेळीचा फरक, म्हणजे कोणाचा राजा समोरासमोर आधी उभा राहतो, डाव ठरवतो. आणि सिमेट्रिकल स्थितीत ती जादा खेळी पांढऱ्याची असते. म्हणून शेवटच्या हत्तींच्या मारामारीआधी घड्याळ विसरून राजांच्या खेळ्या शेवटपर्यंत मोजा. मोजता येत नसतील तर हत्ती ठेवा.

क्रम असा ठेवलेला बरा:

१. आधी हलके मोहरे, मग वजीर, मग हत्तींची एक जोडी. शेवटची हत्तींची जोडी जपा.

२. उघड्या फाइलवर तुमचा हत्ती बसल्याशिवाय वजीर मारू नका. नाहीतर पांढऱ्याचा हत्ती सातव्या ओळीत घुसतो आणि समसमान प्यादी असूनही तुम्ही बचाव करत बसता.

३. एक प्यादे गेलेच, आणि सगळी प्यादी राजाच्या बाजूला चार विरुद्ध तीन अशी उरली, तर घाबरू नका. हत्ती एंडगेममध्ये ही स्थिती सहसा वाचते. प्यादी एफ७, जी६, एच५ अशी मांडा. एच५ लवकर करा. ती राहिली की पांढरा जी४ करून जागा घेतो आणि बचाव अवघड होतो.

४. शेवटी हत्ती व एक प्यादे विरुद्ध हत्ती उरले तर फिलिडोरची रीत. तुमचा राजा प्याद्याच्या समोर, आणि हत्ती सहाव्या ओळीत, म्हणजे पांढऱ्याच्या राजाला तिथे येऊ देत नाही. हत्ती त्या ओळीवरच इकडेतिकडे हलवा. प्यादे सहाव्या ओळीत आले की त्याच क्षणी हत्ती पहिल्या ओळीत नेऊन मागून शह सुरू करा. प्यादे पुढे आल्यामुळे राजाला आडोसा उरत नाही. ते येण्याआधीच हत्ती खाली नेणे ही इथली ठरलेली चूक.

## टप्पा ७: बरोबरी पदरात पाडणे

प्रस्ताव. खेळी पटावर करा, मग प्रस्ताव द्या, मग घड्याळ दाबा. या क्रमात बदल नको. स्कोअरशीटवर (खेळ्या लिहायच्या कागदावर) त्या खेळीशेजारी (=) लिहा. प्रस्ताव मागे घेता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने तोंडी नकार दिला किंवा खेळण्याच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावला की तो संपला. समोरचा विचार करत असताना पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे त्याला त्रास देणे. आर्बिटर त्यासाठी ताकीद किंवा दंड करू शकतो.

तीनदा तीच स्थिती. इथे मोजायच्या त्या खेळ्या नाहीत, स्थिती. तीच मोहरे त्याच घरांत, खेळी त्याच खेळाडूची, आणि किल्लेकोट किंवा जाता-जाता प्यादे मारण्याचे हक्कही तेच. लागोपाठ येण्याची अट नाही. एक उदाहरण मोजून पाहा. काळ्याचा हत्ती डी८ वरून येतो, पांढऱ्याचा राजा जी१ वर:

३०...हत्ती-सी८ (पहिल्यांदा) ३१. राजा-एच२ हत्ती-सी७ ३२. राजा-जी१ हत्ती-सी८ (दुसऱ्यांदा) ३३. राजा-एच२ हत्ती-सी७ ३४. राजा-जी१.

आता तुमची चौतिसावी खेळी हत्ती-सी८ झाली की स्थिती तिसऱ्यांदा येणार. दावा असा करायचा:

१. हत्तीला हात लावू नका. हात लागला की या खेळीपुरता दाव्याचा हक्क गेला.

२. स्कोअरशीटवर ३४...हत्ती-सी८ लिहा. खेळी आधी लिहून ठेवणे एरवी नियमाविरुद्ध आहे. दाव्यासाठी मात्र तेच करायचे असते. लिहिलेली खेळी बदलता येत नाही.

३. घड्याळ थांबवा, आर्बिटरला बोलवा आणि सांगा की ही खेळी केल्यावर स्थिती तिसऱ्यांदा येते.

४. आर्बिटर तपासेपर्यंत शांत बसा. दावा मागे घेता येत नाही.

हत्ती-सी८ खेळून घड्याळ दाबलेत की दाव्याचा हक्क पांढऱ्याकडे जातो, आणि तो जिंकायला खेळत असेल तर गप्प राहून वेगळी खेळी करतो. नवखे खेळाडू अर्धा गुण घालवतात ते बहुतेक याच जागी.

दावा चुकला तर स्टँडर्ड डावात प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटे जादा मिळतात, ब्लिट्झमध्ये १ मिनिट, आणि लिहिलेली खेळी खेळावीच लागते. म्हणून ती खेळी एरवीही चांगली असेल याची खात्री करूनच दावा करा.

५० खेळ्या. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या ५० खेळ्यांत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मार झाला नाही तर याच पद्धतीने दावा करता येतो. हत्ती व प्यादे विरुद्ध हत्ती अशा डावात हे मोजणे शेवटचे प्यादे हलले त्या खेळीपासून नव्याने सुरू होते. स्कोअरशीटवर त्या खेळीला खूण करून ठेवा.

तीच स्थिती पाचदा आली किंवा अशा ७५ खेळ्या झाल्या तर दाव्याची गरज नाही, डाव तिथेच बरोबरीत संपतो. फक्त पंचाहत्तरावी खेळी मात देणारी असेल तर मात मोठी. ऑनलाइन खेळताना तुमच्या संकेतस्थळाची रीत आधी पाहून ठेवा. काही ठिकाणी तिसऱ्या वेळी डाव आपोआप थांबतो, काही ठिकाणी दाव्याचे बटण स्वतः दाबावे लागते.

डाव संपल्यावर दोन्ही स्कोअरशीटवर निकाल ½-½ लिहिलेला आणि दोघांच्या सह्या झालेल्या पाहूनच टेबल सोडा.